फळबागांतून जंगलात जाणाऱ्या डोंगरवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरउतारावर फळबागा असतात, त्यांच्यामधून पायवाट वर चढते आणि कधीतरी हळूच जंगलात शिरते, अशा वाटा मला शिखर गाठायच्या ट्रेकपेक्षा कायम जास्त आवडत आल्यात. ओळखीतले, मित्रांचे मित्र असे सगळे जाण्याआधी तेच तेच प्रश्न विचारतात, दर वेळी व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, लोक घाबरतात जंगलाला आणि चुका करतात बागेत.

नक्की कुठल्या वाटांबद्दल बोलतोयस?

उष्ण प्रदेशातले डोंगर, खालच्या अंगाला आंबा, फणस, काजू, केळी, कोको, मँगोस्टीन, ड्युरियन असं जे काय तिथे पिकत असेल ते, आणि वर जंगल. काही ठिकाणी ही सीमा इतकी पुसट असते की बाग आणि जंगल एकमेकांत मिसळलेलं असतं. टांझानियात किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांच्या बागा आहेत, तिथे वर उंच झाडं, त्याखाली केळी, केळीखाली कॉफी अशी मजल्यावर मजले असलेली शेती पिढ्यान् पिढ्या चालू आहे, म्हणजे चालणाऱ्याला कळतच नाही आपण बागेत आहोत की रानात. मदेइरा बेटावर डोंगराच्या कडेने पाण्याचे पाट नेलेत आणि त्या पाटांच्या काठाने चालायच्या वाटा आहेत, खाली केळीच्या बागा आणि वर लॉरेलचं जुनं जंगल, जे १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथलं हवामान पक्कं उष्णकटिबंधीय नाही पण वाटेचा स्वभाव तोच.

बाग संपून जंगल कधी सुरू झालं हे कसं कळतं?

खाली बघा, वर नको. बागेत झाडाभोवती आळं केलेलं असतं, गवत कापलेलं असतं, झाडं रांगेत नसली तरी त्यांच्यात अंतर ठेवलेलं असतं आणि खालच्या फांद्या छाटलेल्या असतात. जंगलात पाचोळा जाड होतो, वेली सुरू होतात, एकाच झाडाखाली दहा जातीची रोपं दिसतात. आणि आवाज बदलतो, हे मात्र सांगून नाही कळत, दोन-चार वेळा गेलात की कान आपोआप सांगतो.

या दोघांच्या मधला जो पट्टा असतो ना, तिथे घाईने जाऊ नका, सगळ्यात जास्त पक्षी तिथेच दिसतात कारण खायला बागेत आणि लपायला जंगलात अशी दोन्हीकडची सोय असते.

बागेतून जायला परवानगी लागते का? वाट तर सगळ्यांची असते ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि नेमका हाच लोक सगळ्यात शेवटी विचारतात. काही वाटा सार्वजनिक असतात, काही फक्त वापराने पडलेल्या असतात आणि मालक डोळेझाक करतो म्हणून चालू असतात, आणि मॅपवर दोन्ही सारख्याच तुटक रेषेने दिसतात. नियम जागोजागी वेगळे, म्हणून माझा साधा हिशोब असा आहे की माणूस दिसला की थांबायचं, हाक मारायची, कुठे चाललोय ते सांगायचं, आणि विचारायचं की इथून गेलं तर चालेल का. नव्वद टक्के वेळा माणूस खूश होतो, वरून आपल्याला मॅपवर नसलेली बरी वाट सांगतो.

मी एकदा दोन वळणं वाचवायला म्हणून बागेतून सरळ खाली उतरलो, एक-एक टप्पा पायरीसारखा वाटत होता, मस्त पाय ठेवत ठेवत आलो, आणि खाली एक काका उभे. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "दादा, ते आळं आहे, पायरी नाही." मागे वळून बघितलं तर सहा-सात छोट्या कलमांची आळी मी तुडवत आलो होतो, कडेची माती आत पडलेली, पाणी धरून ठेवायची सगळी रचना मोडलेली. दुसऱ्या दिवशी त्यांना ते परत करावं लागलं असणार. तेव्हापासून शॉर्टकट बंद.

बाकी छोट्या गोष्टी म्हणजे फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. कुंपणाची तार हाताने वर करून खालून सरपटत जाऊ नका, ती करंटवाली असू शकते. प्राण्यांसाठी लावलेले फासे असू शकतात म्हणून कडेच्या झुडपातून घुसू नका. आणि औषधाचा वास येत असेल, पानांवर पांढरट थेंब वाळलेले दिसत असतील, तर त्या बागेतून जाऊच नका, फवारणीनंतर किती वेळ आत जायचं नाही हे औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं, काही औषधांना काही तास तर काहींना काही दिवस, आणि ते लेबल आपल्याला कुठे दिसणार.

खाली पडलेलं फळ उचललं तर चालतं का? ते तर वायाच जाणार आहे.

नाही चालत. वाया जाणार की नाही हे मालक ठरवणार. बऱ्याच ठिकाणी पडलेली फळंसुद्धा गोळा करून विकतात, ड्युरियनचं तर बरंच पीक पिकून खाली पडल्यावरच उचलतात. विचारा, मिळतंच. विचारून मिळालेलं फळ तिथेच बसून खाण्यात जी मजा आहे ती चोरून खाण्यात नाही, लहानपणीच्या चोऱ्या वेगळ्या, त्या माफ.

अर्धवट खाल्लेलं, दातांच्या खुणा असलेलं फळ मात्र कोणी दिलं तरी खाऊ नका. फळं खाणारी वटवाघळं रात्री येऊन कुरतडतात आणि उरलेलं खाली टाकतात. १९९८-९९ साली मलेशियात निपाह व्हायरसची पहिली साथ आली तेव्हा वराहपालनाच्या गोठ्यांशेजारी आंब्यासारखी फळझाडं होती, वटवाघळांनी खाल्लेली फळं डुकरांपर्यंत गेली आणि तिथून आजार माणसांपर्यंत, असं त्याचं कारण मानलं जातं. म्हणून फळ झाडावरून काढलेलं, न फुटलेलं, आणि धुऊन.

जंगलातली फळं खाऊन बघितली तर? पक्षी तर खातात.

पक्षी खातात हा काही पुरावा नाही. कुचल्याचं फळ बघा, नारंगी, गोल, एकदम गोंडस, धनेश त्याचा गर आरामात खातो आणि त्याच फळाच्या बीमध्ये स्ट्रिकनीन नावाचं जहाल विष असतं. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड आहे, फळ छोट्या सफरचंदासारखं, आणि त्याचा चीक एवढा जहाल की पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. शंभर टक्के ओळखत असाल तरच, आणि ओळखणारा माणूस बरोबर असेल तरच. ॲपने फोटोवरून सांगितलं हे ओळखणं नव्हे.

चीक लागला तर खरंच एवढं होतं का?

होतं बाबा. स्वतःच्या गालावर भोगलंय.

आंबा आणि काजू एकाच कुळातले, आणि त्याच कुळात आपला बिब्बा, आणि अमेरिकेत ज्याला सगळे घाबरतात ती पॉयझन आयव्हीपण. बिब्बा उततो म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको. कैरी देठापासून तोडली की देठातून चीक जोरात उडतो, बारीक पिचकारीसारखा, आणि ताजा असताना तोच सगळ्यात वाईट. मी फोटो काढायला फांदी जवळ ओढली, एक कैरी तुटून हातात आली, चीक गालावर उडाला, मी रुमालाने पुसला म्हणजे खरंतर पसरवला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत लाल पट्टा. दोन आठवडे काळा डाग घेऊन फिरलो, सगळ्या ट्रिपच्या मजेत अक्षरशः बिब्बा.

काजूचं त्याहून वरचढ. बोंडू खायला छान, पण त्याच्या टोकाला बाहेर लटकणारी जी बी असते तिच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजल्यासारखी होते. कच्ची बी दाताने फोडायचा प्रयत्न चुकूनही नको, आणि शेकोटीत टाकून भाजायचा तर अजिबात नको, तेल पेटतं, उडतं, धूर डोळ्यात आणि छातीत जातो.

चीक लागलाच तर पुसू नका, भरपूर पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, नखांखालीपण, आणि धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावू नका. मी आता साबणाचा छोटा तुकडा प्लास्टिकच्या डबीत घालून कायम बरोबर ठेवतो, सगळ्या सामानात सगळ्यात उपयोगी वस्तू तीच निघाली. फोड आले, चेहरा किंवा डोळे सुजले तर डॉक्टर.

सात-आठ किलोमीटरला किती वेळ धरायचा?

नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशोब दिलाय तो अजून कामाला येतो: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि जितकं चढायचं त्यात दर ६०० मीटरला १ तास जास्तीचा. म्हणजे ८ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ असेल तर साधारण २ तास १५ मिनिटं. पण हा हिशोब थंड हवेतल्या, न थांबणाऱ्या, तंदुरुस्त माणसाचा आहे. दमट हवेत, बागेत गप्पा मारत, फुलाजवळ थांबत, निसरड्यावर जपून उतरत गेलात तर मी सरळ दुप्पट धरतो आणि तेच बरोबर निघतं.

वेळ महत्त्वाचा का, तर विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळजवळ १२ तासांचाच असतो आणि संधिप्रकाश टिकत नाही, सूर्य गेला की २०-२५ मिनिटांत अंधार, आणि झाडीत तर त्याच्याही आधी. उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत असतो असं गृहीत धरणारे लोक इथे फसतात. हेडटॉर्च घेऊनच निघा, सकाळी निघत असलात तरी.

वर गेलो की थंड वाटेल ना?

थोडंसं. साधारण १०० मीटर चढलं की अर्धा ते पाऊण डिग्री कमी होतं, म्हणजे ३०० मीटरच्या टेकडीवर जेमतेम २ डिग्री. जो गारवा वाटतो तो उंचीचा कमी आणि सावलीचा जास्त.

खरा त्रास उन्हाचा पण नाही, दमटपणाचा आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, तो नुसता गळत राहतो. तासाला अर्धा ते एक लिटर पाणी धरा, एकदम ढसाढसा नको, थोडं थोडं, आणि दोन तासांपेक्षा जास्त चालायचं असेल तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस बरोबर हवंच, नुसतंच पाणी पीत राहिलात तर शरीरातलं मीठ पातळ होऊन वेगळाच घोळ होतो. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावलीत बसून, पाणी पिऊन भागतं. पण सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात आहे, तिथेच सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. त्याला चालवत खाली नेऊ नका.

कुठल्या सीझनला जावं?

काय बघायचंय त्यावर आहे. सगळ्यांना फळं लागलेली बघायची असतात पण माझं मत विचाराल तर मोहोराच्या दिवसांत जा. आंब्याला मोहोर आल्यापासून फळ तयार व्हायला साधारण ३ ते ५ महिने लागतात, आणि फळांच्या हंगामात बागेत माणसांची, गाड्यांची, क्रेटची इतकी धावपळ असते की आपण मध्ये मध्ये येतो. मोहोराच्या दिवसांत वाटा कोरड्या, हवा बरी, वास वेड लावणारा, आणि बागेतल्या माणसांना बोलायला वेळ.

भर पावसात नवख्यांनी नकोच. पाऊस संपता संपता चांगलं.

शूज कुठले?

खोल खाचांची ग्रिप असलेले आणि भिजले तर वाळणारे. पूर्ण वॉटरप्रूफ जाड बूट या हवेत आतूनच घामाने भिजतात. लाल मातीवर पाऊस पडला की साबण होतो, आणि उतारावर वाळका पाचोळा पडलेला असेल तर तो ओल्या मातीपेक्षा वाईट, कारण खाली काय आहे ते दिसत नाही आणि कधीकधी खाली छोटी गोल फळं असतात, छर्‍यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. घसाऱ्यावर पाय आडवे टाकत, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं. काठी एक असली तरी पुरे, उतरताना गुडघे दुवा देतात.

कपडे लांब बाह्यांचे, फुल पँट, लवकर वाळणारे. कॉटन घाम धरून ठेवतं आणि काचतं. गरम होईल म्हणून हाफ पँट घालणारे लोक संध्याकाळी पाय खाजवत बसलेले मी बघितलेत.

जळवा!!

हा प्रश्न नाहीये पण असाच येतो मला, नुसता शब्द आणि दोन उद्गारचिन्हं.

जळू चावली तर दुखत नाही, तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं म्हणून ती सुटल्यावरही बराच वेळ रक्त येत राहतं, बघायला भयानक वाटतं पण प्रकार किरकोळ आहे. काढायची पद्धत: तिला दोन तोंडं असल्यासारखी दोन टोकं चिकटलेली असतात, आधी बारीक टोकाकडून नख कातडीला टेकवून बाजूला सरकवा, ते सुटलं की जाड टोक, आणि लगेच टिचकी मारून उडवा नाहीतर बोटाला चिकटते. मीठ, काडी, लायटर हे सगळं लोक करतात पण त्याने ती पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. नंतर साबणाने धुवा आणि दाबून धरा. बंदोबस्त म्हणजे पँट मोज्यात खोचायची आणि शूज-मोज्यांवर डास पळवायचं औषध लावायचं. आणि ओल्या पाचोळ्यात उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, चालत्या माणसापेक्षा थांबलेला माणूस तिला सोपा.

साप?

असतात, बागेत जंगलाइतकेच, कारण फळं म्हटली की उंदीर आले आणि उंदीर म्हटले की साप आले. दिसत नाहीत कारण आपली चाहूल लागली की ते आधीच जातात. दगडांच्या बांधावर हात ठेवायचा नाही, पालापाचोळ्याच्या ढिगात पाय घालायचा नाही, आडव्या खोडावरून उडी मारायच्या आधी पलीकडे बघायचं, अंधारात टॉर्चशिवाय चालायचं नाही. चावलाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा, चावलेला भाग हलवू नका, माणसाला शक्यतो चालवू नका आणि लवकरात लवकर जिथे अँटीव्हेनम असेल त्या हॉस्पिटलात. साप पकडून न्यायची गरज नसते.

लाल मुंग्यांचं काय ते?

पानं शिवून फुटबॉलएवढी घरटी करतात त्या. शिवायला दोरा म्हणून स्वतःच्या अळ्यांचं रेशीम वापरतात, एक मुंगी अळी तोंडात धरून सुईसारखी या पानावरून त्या पानावर नेते, दिसलं तर पाच मिनिटं लांबून बघाच. घरट्याला धक्का लागला तर मात्र वरून पाऊस पडल्यासारख्या अंगावर येतात, चावतात आणि वर आम्ल सोडतात. पण बागायतदाराला त्या हव्या असतात, त्या बाकीची कीड खातात, चीनमध्ये संत्र्याच्या बागांमध्ये ही घरटी मुद्दाम आणून टांगायची पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. म्हणून काठीने पाडू नका.

मधमाश्यांचं थोडक्यात, सेंट लावून जाऊ नका, पोळं दिसलं तर आवाज न करता लांबून, आणि मागे लागल्याच तर हात झटकत उभं न राहता तोंड झाकून सरळ पळत सुटायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघतात.

फणस डोक्यावर पडला तर?

झाडावर येणारं जगातलं सगळ्यात मोठं फळ, काही तर ४०-५० किलोपर्यंत जातात, त्यामुळे विनोद म्हणून विचारलात तरी उत्तर गंभीर आहे. पण फणस बहुतेक बुंध्याला आणि जाड फांद्यांना लागतो, फार उंचावरून येत नाही. भीती नारळाची आणि ड्युरियनची. ड्युरियन काटेरी, १ ते ३ किलोचा, पिकला की आपणहून सुटतो, आणि बऱ्याचदा रात्री. डबा खायला बसताना वर बघा, तंबू लावताना तर दोनदा बघा.

वाट चुकली तर?

जंगलापेक्षा बागेच्या वरच्या टोकाला वाट जास्त चुकते, कारण बागेत कामाच्या पन्नास पाऊलवाटा असतात आणि वर ढोरवाटा सुरू होतात. ढोरवाट ओळखायची खूण म्हणजे ती माणसाच्या उंचीची काळजी करत नाही, फांदीखालून सरळ जाते, आणि हळूहळू झुडपात विरून जाते. दहा मिनिटं वाकून चालतोय असं वाटलं की परत फिरा, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत. पुढे जाऊन बघू, हेच वाक्य लोकांना अडकवतं. आणि पाणी खालीच जातं म्हणून ओढ्यातून उतरणं, हेही नको, ओढे कड्यावरून उड्या मारतात, आपल्याला नाही मारता येत.

मोबाईलचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, फक्त मॅप आधी डाऊनलोड केलेला हवा. दाट झाडीत आणि घळीत ते थोडं इकडेतिकडे दाखवतं, म्हणून निळ्या टिपक्यावर डोळे लावून चालू नका. फ्लाइट मोडवर ठेवा, बॅटरी नेटवर्क शोधण्यातच संपते. मॅपवर उंचीच्या रेषा जिथे चिकटून आल्यात तिथे चढ उभा आहे, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ.

अचानक पाऊस आला तर?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत असेल तर माथ्यावरून आणि एकट्या उंच झाडाखालून ताबडतोब निघा. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहायला लागली, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका, थांबा, डोंगरातले ओढे जसे पटकन भरतात तसे बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतातपण.

तिथे जाऊन बघायचं काय? झाडंच तर असतात.

आता आलात मुद्द्यावर.

कोकोचं झाड बघा, शेंगा थेट बुंध्यातून फुटलेल्या असतात, कोणीतरी खोडाला चिकटवल्यासारख्या. फूल नखाएवढं, आणि त्याचं परागीभवन करतात चिलटांएवढ्या माशा ज्या खालच्या कुजक्या पाचोळ्यात वाढतात. म्हणजे बाग फार स्वच्छ झाडली तर फळ कमी. मला हे कळल्यापासून मी पाचोळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

मँगोस्टीन मिळाला तर उलटा करा, खाली छोट्या फुलासारखी खूण असते, तिच्या पाकळ्या मोजा, आत तेवढ्याच फोडी निघतात. पोरांसमोर पैज लावायला एकदम भारी.

व्हॅनिलाची वेल झाडांवर चढवलेली दिसली तर विचारा फुलं कधी येतात. फूल एकच दिवस उघडतं आणि मूळ प्रदेशाबाहेर ते हातानेच फळवावं लागतं. ही हाताची सोपी पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, काडी आणि अंगठा वापरून, आणि आजही जगभर तेच करतात. तुमच्यासमोर कोणी ते करून दाखवलं तर कळेल, एका फुलाला जेमतेम काही सेकंद लागतात पण फुलं हजारो असतात.

केळीचं झाड हे झाड नाहीच, खोड म्हणून जे दिसतं ते पानांच्या देठांची गुंडाळी, एकदा घड देऊन ते मरतं आणि बाजूचं पिल्लू पुढे येतं. कापलेला बुंधा दिसला तर वाकून बघा, कांद्यासारखे पदर दिसतील.

आणि कुठलं झाड कुठून आलं याचा विचार करत चाला, डोकं चक्रावतं. पपई, पेरू, अननस, काजू, चिकू, सीताफळ हे सगळे अमेरिका खंडातून आलेले, आंबा-फणस दक्षिण आशियातले, केळी आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडची. शंभर पावलांच्या बागेत तीन खंड.

फळ खाऊन बिया जंगलात टाकल्या तर झाडं येतील, चांगलंच ना?

हेतू चांगला, काम वाईट. हवाई बेटांवर बाहेरून आणलेला स्ट्रॉबेरी पेरू जंगलात इतका माजलाय की मूळची झाडं मागे पडलीत. शिवाय फळात फळमाशीच्या अळ्या असतील तर एका बागेतल्या अळ्या दुसऱ्या बागेत तुम्हीच पोचवता. बिया आणि सालं पिशवीत भरून परत.

लहान मुलांना नेता येईल? आणि कुत्रा?

मुलांना जरूर, अंतर कमी ठेवा आणि कैरीच्या चिकाचं आधीच सांगून ठेवा. कुत्रा शक्यतो नको, बागेतले राखणीचे कुत्रे त्याला सोडत नाहीत.

एकटं गेलं तर चालेल?

मी जातो. पण कुठून निघणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची हे एका माणसाला लिहून पाठवून जातो, आणि ठरल्यापेक्षा वेगळी वाट घेत नाही. बागेतल्या शेवटच्या घरात पण सांगून जातो, येताना परत तोंड दाखवतो. एकदा दाखवायला विसरलो तर तिथल्या मावशी टॉर्च घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत बघायला आल्या होत्या असं नंतर कळलं, फार लाज वाटली.

घरी आल्यावर आंघोळ करून झोपलं तर चालेल ना?

आधी अंग तपासा, काखेत, गुडघ्यामागे, कानामागे गोचीड आहे का बघा, असेल तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढा.

मग शूज. हे कोणी करत नाही म्हणून मुद्दाम लांबवतोय. केळीला पनामा नावाचा रोग होतो, मातीतली बुरशी, मुळातून शिरते आणि आख्खं झाड वाळवते. याच रोगाने ग्रोस मिशेल नावाची केळी, जी तेव्हा जगभर निर्यात व्हायची, ती १९६० च्या सुमाराला व्यापारातून जवळजवळ संपवली आणि तिच्या जागी आज दुकानात दिसणारी कॅव्हेंडिश आली. आता तिच्यावरही त्याच बुरशीचा नवा प्रकार आलाय, एकदा मातीत शिरली की कित्येक वर्षं तिथेच राहते, बरा करणारा उपाय नाही, आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत जाण्याचा तिचा एक सोपा रस्ता म्हणजे बुटाला चिकटलेली माती. म्हणून काही बागांच्या फाटकाशी ब्रश आणि औषधाच्या पाण्याचा ट्रे ठेवलेला असतो, त्याला ओलांडून उडी मारू नका, तो आपल्यासाठीच आहे.

फाटकाशी ट्रे नसेल तर दुसऱ्या बागेत शिरण्याआधी स्वतःच करायचं. आधी काडीने खाचांमधली माती उकरायची, मग ब्रशने कोरडंच घासायचं, मग धुवायचं. पहिल्यांदा माती काढणं महत्त्वाचं, चिखलावर नुसतं जंतुनाशक ओतलं तर ते आतपर्यंत पोचत नाही. मी जुना टूथब्रश वापरतो. पाच मिनिटं लागतात, आणि काठीचं टोक धुवायला विसरू नका, ते मी तीन वर्षं विसरत होतो.